भांड्यांवरची नावं

माझी सून फिनलंडची आहे. मेहकरात हे वाक्य मी इतक्यांदा उच्चारलंय की समोरचा पुढे काय विचारणार हे मला पाठ झालंय. पहिला प्रश्न, हे फिनलंड नागपूरच्या पुढं का? हो, बरंच पुढं. दुसरा, ती ज्वारीची भाकर खाते का? खाते, आणि वर ठेचा मागून घेते. तिसरा प्रश्न तोंडावर कुणी विचारत नाही, पण डोळ्यांत दिसतो. ही इथं टिकणार का?

तो प्रश्न माझाही होता. मुलाचं काम कॉम्प्युटरवरचं, कुठूनही करता येणारं. ती तिच्या गावच्या ग्रंथालयात नोकरीला. तिनं वर्षभराची रजा टाकली आणि मुलानं फोनवर सांगितलं, "आई, एक वर्ष मेहकरला राहून बघतो. जमलं तर राहू, नाही जमलं तर परत." यजमान जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. पाच खोल्यांच्या घरात मी, एक तुळस आणि संध्याकाळी सोबतीला टीव्ही. खरं तर आनंदानं उडीच मारायची होती, पण मी म्हटलं, "बघा तुमचं तुम्ही." माझा स्वभावच असा. जे मला सगळ्यात जास्त हवं असतं, त्याच्याबद्दल मी सगळ्यात तुटक बोलते. पण ते आले त्या दिवसापासून मी मनात दिवस मोजत होते. ती राहावी, एवढंच मला हवं होतं.

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन मेहकरला आले त्याला अडतीस वर्षं झाली. त्यातली तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या मुलांना 'मले' नाही, 'मला' म्हणायचं, हे शिकवण्यात गेली. तेव्हा सुनेला मराठी कोण शिकवणार हा प्रश्नच नव्हता. माळ्यावरची पाटी काढली, अंकलिपी आणली, रोज सकाळी दहाची वेळ ठरवली. चार दिवस ती मुकाट्यानं बसली. पाचव्या दिवशी इंग्रजीत, अगदी नम्रपणे म्हणाली, "तुम्ही फार चांगल्या शिक्षिका आहात. मला तुमची भीती वाटते." पाटी परत माळ्यावर गेली. मुलगा हसला. मला मात्र ते चांगलंच लागलं.

परदेशी माणसाची नोंदणी करावी लागते, म्हणून पहिल्याच आठवड्यात एक हवालदार चौकशीला आला. गल्लीत उभं राहून त्यानं विचारलं, "ही बाई इथंच राहते का?" समोरच्या घरातल्या चाची ओसरीवर लसूण सोलत होत्या. त्यांच्या मालकांचं बाजारात चपलांचं दुकान आहे. चाचींनी मान वर न करताच सांगितलं, "हाव. आमचीच हाय." तोवर चाचींनी तिला फक्त दोनदा पाहिलं होतं, तेही लांबून. सुनेला मी ते भाषांतर करून सांगितलं, तर ती चाचींच्या ओसरीकडे वळली. म्हणाली, आमच्याकडे मी बारा वर्षं एका इमारतीत राहिले, खालच्या मजल्यावरच्या माणसाला माझं आडनाव माहीत नव्हतं.

त्यानंतर भांडी यायला लागली.

आमच्या गल्लीत भांडी फिरतात. कुणाकडे काही वेगळं केलं की एक वाटी शेजारी जाते, एक समोर जाते. हे सगळीकडेच असेल. पण त्यात एक कायदा आहे, कुठंही न लिहिलेला. भरून आलेलं भांडं रिकामं परत जात नाही. लगेच द्यायची घाईही नसते. तुमच्याकडे काही होईल तेव्हा त्यातून ते जाईल, महिन्यानं जाईल, नाही तर तसंच राहील. अगदीच द्यावं लागलं तर तळाला चिमूटभर साखर तरी टाकायची. मलाही हे कुणी सांगितलं नव्हतं. नवी नवरी असताना मी एक वाटी रिकामी नेऊन दिली आणि चुलतसासूनं माझ्याकडे असं काही पाहिलं की जन्माचा धडा मिळाला.

ईदेला चाचींकडून शिरखुर्मा आला. बुद्धपौर्णिमेला कोपऱ्यावरच्या नर्सबाईंकडून खीर आली. नर्सबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. त्यांच्या बैठकीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर शेजारी शेजारी आहे आणि खाली कायम ताजी फुलं. मग कुणाकडून आंबाडीची भाजी, कुणाकडून कुरडयांचा ओला चीक, कुणाकडून कैरीचा तक्कू. आणि माझी सून पडली ग्रंथपाल! आलेली वस्तू वेळेत, जशीच्या तशी परत करायची, हे तिच्या हाडात मुरलेलं. भांडं आलं की तासाभरात ते रिकामं व्हायचं, घासलं जायचं, फडक्यानं पुसून आरशासारखं चमकायचं, आणि ही दोन्ही हातांत धरून ते घेऊन निघायची. "धन्यवाद." रिकामं!

तिसऱ्या खेपेला चाचींनी मला फाटकाशी गाठलं. "मॅडम, पोरीले आवडत नाई का आमच्या हातचं?"

"आवडतं हो. त्यांच्याकडची पद्धत तशी आहे."

"असं का," चाची म्हणाल्या. पण चेहरा पडलेलाच होता.

मी त्याच दिवशी सुनेला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. खोटं कशाला बोलू, पाटीचा राग होता मनात. माझ्याकडून शिकायचं नाही ना, मग शिक ठेचकाळत, असा एक कोता विचार होता. एकीकडे ती राहावी म्हणून देवापुढं दिवा लावायचा आणि दुसरीकडे तिची चूक होताना गंमत बघायची, असं माझं चाललं होतं. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

उन्हाळा तिनं हसत काढला. मे महिन्यात पारा चढला, आम्ही कूलरपुढं आडवे झालो, आणि ही गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. म्हणायची, आमच्याकडे एवढ्या उष्णतेसाठी लाकडं जाळावी लागतात. उन्हानं ती हरली नाही. हरली ती पावसाळ्यात, कारण तोवर भांडी यायची थांबली होती. फाटक वाजायचं ते फक्त दूधवाल्याचं. नागपंचमी गेली, पोळा गेला, एक वाटी आली नाही. एका दुपारी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मी काहीतरी चुकले. काय चुकले ते कुणीच सांगत नाही." मुलाला विचारलं होतं तिनं. त्यालाही माहीत नव्हतं. आमच्याकडचे पुरुष भांडी नेऊन देत नाहीत, त्यामुळे त्यांना हा कायदा कळतच नाही.

मग मी सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "इतके महिने?" एवढंच म्हणाली. मी मान खाली घातली. तुम्ही का नाही सांगितलंत, असं तिनं विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं देव जाणे. तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं ती उठली आणि आमची मांडणी धुंडाळायला लागली. स्टीलची भांडी एकेक काढून खिडकीच्या उजेडात धरायची, काठावरून बोट फिरवायची. आमच्याकडे विकत घेतलेल्या भांड्यावर दुकानदार मशीननं नाव टाकून देतो, बारीक बारीक ठिपक्यांचं. नाव, गाव, कधी लग्नाची तारीख. दारावरच्या पाटीमुळे आमच्या आडनावाचं रूप तिच्या नजरेत बसलं होतं. "हे आपलं. हेही आपलं. हे आपलं नाही. हेही नाही." वाचता येत नव्हतं, तरी वेगळेपण तिला दिसत होतं. मी अडतीस वर्षं त्या भांड्यांत जेवत होते, मला कधी दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुसऱ्याच्या नावाचं एक भांडं घेऊन गल्लीत निघायची. आत दालचिनीचा गोड पाव, तिच्या हातचा. दारात उभी राहून नावावर बोट ठेवायची. "हे कोण?" बायका अक्षर सांगत नसत, माणूस सांगत. हा माहा सासरा, डोक्यावर एक केस नव्हता. ही माही नणंद, रोहिणखेडले दिली, लय चांगली गाते. तिला 'श' आला तो नर्सबाईंच्या आईमुळे, 'ठ' आला तो चाचींच्या एका तापट शेजाऱ्यामुळे. दिवाळीपर्यंत तिला अख्खी बाराखडी येत होती, आणि प्रत्येक अक्षरामागं कुणाचं तरी टक्कल, कुणाचं तरी गाणं उभं होतं. तीस वर्षांत एवढं पक्कं मी एका मुलाला शिकवलं नाही. मी थक्क झाले आणि ते थक्क होणं मला कुणाला दाखवता येईना.

एका सकाळी ती म्हणाली, "आई, मले चहा द्या." मी हात आवरला, तोंड आवरलं आणि चहा दिला.

भांडी पुन्हा सुरू झाली. हुरडा आला, जवसाची चटणी आली, संक्रांतीला तर मांडणीवर जागा उरली नाही. तिचा गोड पाव गल्लीला पसंत पडला. तिच्याकडच्या आंबट काळ्या पावाचं मात्र लोकांनी काय केलं ते मी विचारलं नाही. जानेवारीत आम्ही हिवरा आश्रमच्या जत्रेला गेलो. शेतात बसलेल्या हजारो माणसांच्या पंगतीत ट्रॅक्टरवरून पुऱ्या आणि वांग्याची भाजी वाढत नेताना तिनं पाहिलं आणि मला विचारलं, "या सगळ्यांना कुणी बोलावलं?" मी म्हटलं, कुणी नाही.

पण वर्ष सरत आलं. मार्चमध्ये मुलगा फोनवर तिकिटाचं बोलताना मला ऐकू आलं. मी काही विचारलं नाही. दोन दिवसांनी अंगणात चटई अंथरून तिनं मांडणीवरची, फडताळातली, माळ्यावरची सगळी भांडी बाहेर काढली. नावं वाचून घराघरांचे गठ्ठे लावले. मोजली तर दुसऱ्यांच्या नावाची तेवीस निघाली. वाट्या, डबे, एक गंज, म्हणजे आमच्याकडचं उभट पातेलं. काही घरं मला आठवेनात. एका वाटीवर जिचं नाव होतं, ती बाई जाऊन चार वर्षं झाली होती. मला तेव्हा जे वाटलं ते कसं सांगू? माझं घर माझं आहे, असं मी समजत होते. त्यातला अर्धा स्वयंपाक लोकांच्या भांड्यांत चालला होता, आणि मी मालकिणीच्या तोऱ्यात वावरत होते.

शेवटी तिनं एक तांब्या उचलला, पोचे आलेला. अक्षरं लावून लावून वाचलं आणि विचारलं, "हे कोण?"

मी चष्मा लावला. माझ्या आईनं लग्नाआधी घेतलेला तांब्या. माझं माहेरचं नाव, खाली 'पुणे'. त्या नावानं मला हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही.

"ही मी," मी म्हटलं.

तिनं तांब्या वेगळा ठेवला आणि म्हणाली, "उद्या मी सगळी भांडी परत करणार आहे. रिकामीच. एवढ्यांत काय भरू? सांगेन सगळ्यांना."

गाव सोडताना माणूस आणलेलं सगळं परत करतो, हे समजायला ग्रंथपाल असावं लागत नाही. "कर," मी म्हटलं. आत गेले आणि घासलेलीच शेगडी पुन्हा घासली.

सकाळी दोन पिशव्या घेऊन ती निघाली. ओझं आहे म्हणून मीही निघाले, असं मी तिला सांगितलं. खरं म्हणजे ती कुणाला काय सांगते ते मला ऐकायचं होतं.

चाचींनी गंज हातात घेतला, नाव पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा, हा तं माह्या लेकीच्या लग्नातला! मी म्हनलं चोरीले गेला!" गंज घेऊन त्या आत गेल्या. आम्ही निघणार, तोच त्या बाहेर आल्या. गंज काठोकाठ भरलेला, गरम खिचडी, वर तळलेली मिरची.

"नाही चाची, मी परत करायला आले," सून म्हणाली.

"हाव, केला ना परत. आता हा माह्याकडून."

नर्सबाईंनी दोन डबे घेतले. एकात शेंगदाण्याची चटणी भरून दिली, दुसऱ्यात तीळ. मग त्यांना काहीतरी आठवलं, आत जाऊन आमच्या नावाच्या तीन वाट्या घेऊन आल्या. "हे तुमचं माह्याकडं कवापासून पडून हाय." त्या तीन वाट्याही रिकाम्या नव्हत्या. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. सून प्रत्येक दारात सांगत होती, मला हिशेब पुरा करायचा आहे, आणि प्रत्येक दारात "हाव, हाव" म्हणत बायका भांडं आत नेत होत्या. शेवटचं घर चार वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचं. त्यांच्या सुनेनं वाटी घेतली, सासूचं नाव वाचलं. घरात तयार काहीच नसावं. ती आत गेली आणि वाटीत साखर घालून घेऊन आली. "न्या," म्हणाली. "त्यायची वाटी तुमच्याकडं होती, तुमच्याकडंच राहू द्या."

तेवीस भांडी घेऊन निघालो होतो. परत आलो तेव्हा एकोणतीस होती, सगळी भरलेली, आणि मधे दोनदा मुलाला हाक मारून पिशव्या घरी पाठवाव्या लागल्या. सून ओट्यावर बसली. घामानं निथळत होती. भांड्यांकडे बघत म्हणाली, "आई, हे सरत काऊन नाही?"

"नाही सरत," मी म्हटलं. तेव्हाच सांगायचं होतं मला की बाई, तू जाऊ नकोस. ओठांपर्यंत आलं होतं. पण बाहेर पडलं ते एवढंच, "तू गेलीस तर हे कोण खाणार?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उघडून बोटानं चाखत बसली.

मार्च गेला, एप्रिल गेला. कुणी सामान बांधलं नाही, कुणी मला काही सांगितलंही नाही. आणि मी विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटत होती. रोज सकाळी चपलांच्या मांडणीवर तिच्या सँडल दिसल्या की जीव भांड्यात पडायचा.

मग एका संध्याकाळी नर्सबाईंनी हाक मारली. "मॅडम, तुमच्या सुनेचा डबा न्या. लय दिवसाचा पडला माह्याकडं."

नवाकोरा डबा होता, तळाला साखर. सवयीनं मी काठावर आमचं आडनाव शोधलं. ते नव्हतं. चष्मा घरी राहिला होता, म्हणून डबा दारातल्या उजेडात नेला आणि अक्षरं लावत वाचलं, अगदी तिच्यासारखं. तिचं नाव होतं. तिचं तिकडचं नाव, इथल्या अक्षरांत, ठिपक्याठिपक्यांनी. आणि खाली, जिथं माझ्या तांब्यावर 'पुणे' होतं तिथं, 'मेहकर'.

"पाच डबे घेतले म्हने तिनं," नर्सबाई सांगत होत्या. "साऱ्याईवर नाव टाकून घेतलं. एक चाचीकडं हाय. मले म्हने, येत्या संक्रांतीले तिळगूळ याच्यातच देईन."

"कधी घेतले?"

"झाले की दोन महिने. तुमी पिशव्या घेऊन फिरल्या ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. काऊन, तुमाले नाई सांगितलं?"

मी त्यांच्या उंबऱ्याशीच बसले. नर्सबाईंना वाटलं बीपी, त्या पाणी आणायला धावल्या. मला रडू येत होतं आणि हसूही. पाणी प्याले, उठले आणि डबा त्यांच्या हातात परत दिला.

"राहू द्या तुमच्याकडंच."

घरी आले तर सून कणीक मळत होती. माझे रिकामे हात पाहून म्हणाली, "आई, डबा?"

"नाही आणला." मी पाटावर बसले. "आणि ते तिकीट कुणाचं होतं?"

"माझ्या आईचं. थंडीत येणार आहे ती. इथं राहण्यासाठीचा आमचा अर्ज तर मार्चमध्येच गेला." तिनं कणकेला पाण्याचा हात लावला. "तुम्ही विचारलं नाही, म्हणून मला वाटलं तुम्हाला माहीत आहे." मग पुन्हा म्हणाली, "पण डबा काऊन नाही आणला?"

"असू दे तिथं," मी म्हटलं. "आता काय घाई आहे?"